किट्टेचा कट्टा

जगदाळेकाका कुठल्याही लग्नाला गेले की आधी नवरा-नवरीला भेटत नाहीत, खुर्च्यांना भेटतात. हॉलमध्ये शिरायचं, पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसायचं, जरा डावीकडे झुकायचं, जरा उजवीकडे, मग बसल्या बसल्या एक छोटीशी उडी मारायची आणि पुढच्या खुर्चीवर सरकायचं. मुहूर्ताची वेळ होईपर्यंत ते चौथ्या-पाचव्या रांगेत पोचलेले असतात. एखादी खुर्ची करकरली की तिचे कान धरून तिला बाहेर काढतात. मुलीकडच्यांना वाटतं, मुलाकडचे कोणी तरी थोरले नाराज दिसतायत. मुलाकडच्यांना वाटतं, मुलीकडच्यांनी खुर्च्यांसाठी खास माणूस ठेवलाय. दोन्हीकडचे त्यांना सरबत आणून देतात आणि काका दोन्ही सरबतं पितात.

"आधी बसून बघू," हे त्यांचं पालुपद. आम्हा बडोदेकरांना कशालाही 'चालेल, फावेल', म्हणजे सोयीचं पडेल, असं म्हणायची सवय. काका म्हणतात, "चालेल ते फावेलच असं नाही. बसल्याशिवाय कळत नाही."

काका बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार, त्यामुळे बसण्याची विद्या आपल्या रक्तातच आहे असा त्यांचा दावा. मी शाळेत शिकवते म्हणून मला म्हणतात, "घोडा कागदावर कळत नाही, मास्तरीणबाई. वर बसलं की कळतो." नोकरीत असताना करजणच्या बाजूला एका बसथांब्याचं काम तपासायला गेले, तेव्हा कंत्राटदार नकाशे उलगडून उभा राहिला. काकांनी नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकावर बसून डबा खाल्ला, तिथेच एक झोप काढली, आणि उठून म्हणाले, "पास." कंत्राटदार तोवर उन्हात उभाच होता, कारण बाक एवढा एकच होता.

एकदा मी चूक केली. सोफा घ्यायला त्यांना सयाजीगंजात घेऊन गेले. काका एकेका सोफ्यावर असे बसले की दुकानात आलेली गिऱ्हाइकं त्यांनाच मालक समजून प्रश्न विचारू लागली. काका खरं ते सांगत. "हा बसताना छान आहे, पण उठताना गुडघा धरतो." "ह्याच्यावर पाहुणा बसला तर जेवल्याशिवाय जायचा नाही, विचार करा." शेवटी मालकाने हात जोडून मला विचारलं, बेन, तुम्हाला कुठला हवाय ते सांगा, मी आत्ताच्या आत्ता टेम्पोत चढवतो.

असा हा माणूस सुभानपुऱ्यात आमच्या शेजारच्या बंगल्यात तळमजल्यावर राहतो. काकू गेल्या, मुलगी सासरी, घरात एकटेच. वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, तेही आता एकटे. सगळी सोसायटी त्यांना दादा म्हणते. आणि हे दोघे सख्खे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण सांगितलं तर हसाल. वरचा मजला नवा बांधला तेव्हा दादांनी हौसेने संखेड्याचा रंगीत झोपाळा आणून टांगला. वास्तुशांतीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. वहिनी पहिल्यांदा झोपाळ्यावर बसणार, म्हणून दादांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. तेवढ्यात काका पुढे झाले. "आधी बसून बघू," म्हणाले, बसले, आणि ती त्यांची छोटीशी उडी मारली. छतातला हूक गिलाव्यासकट खाली आला. काका, झोपाळा आणि पेढ्यांचं ताट एकाच वेळी जमिनीवर. पाहुणे हसले. दादा म्हणाले, माझ्या घरात माझ्याच पाहुण्यांसमोर माझी शोभा केलीस. काका म्हणाले, मी बसलो म्हणून वहिनी वाचल्या. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे मिटायला काही वावच नव्हता.

तेव्हापासून दोघांचा सगळा व्यवहार तिसऱ्या माणसामार्फत. आधी वहिनी होत्या. त्या गेल्यावर काही दिवस दूधवाला होता, पण तो कंटाळला. आता मी आहे. सकाळी शाळेत निघाले की काका खालच्या ओट्यावरून म्हणतात, "वर सांगा, टाकी भरली." दादा वरच्या गॅलरीत, काकांच्या बरोब्बर डोक्यावर उभे असतात. मी मान वर करायच्या आत ते म्हणतात, "खाली सांगा, ऐकू आलं." मी दोघांनाही बरं म्हणते आणि स्कूटी सुरू करते.

संध्याकाळी वरून झोपाळ्याची कडी करकरताना ऐकू येते. हूक नवा, झोपाळा तोच. काका खाली ओट्यावर बसून कान देऊन ऐकतात. "उजवी कडी झिजलीय," असं मला सांगतात. "एखाद दिवशी म्हातारा पडेल." तुम्हीच वर जाऊन बघा ना, असं मी एकदा म्हटलं. "मला कुणी बोलावलंय?" काका म्हणाले. साऱ्या बडोद्याच्या खुर्च्या तपासणाऱ्या या माणसाला स्वतःच्या भावाच्या घरात जाऊन बसता येत नव्हतं. त्यांना हवं होतं फक्त तेवढंच, आणि हे न कळायला मी काही तिसरीतली मुलगी नाही.

तिसरीतल्या मुलांवरून आठवलं. मी एका गुजराती माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. शाळेच्या मागे एक मोकळी जागा होती, तिथे मोडक्या बाकांचा ढीग असे. गेल्या वर्षी आमच्या मोठ्या बेननी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिथे क्रीडांगण करायचं ठरवलं. मी सुचवलं, क्रीडांगण मुलांचं, तर त्यांनाच विचारूया कसं हवं ते. बेनना पटलं. इथवर सगळं ठीक होतं. पण घरी आल्यावर मी हे काकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच काका शाळेच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप. वर्गात येऊन सरळ जमिनीवर मांडी घातली आणि मुलांना गुजरातीत सांगितलं, "तुम्ही साहेब, मी ओव्हरसियर. साहेब सांगतील ते ओव्हरसियर करतो." आजवर मुलांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून पूर्ण वर्ग साहेबासारखा वागायला लागला. एकाने तर मला गृहपाठाचं 'पछी जोईशुं', नंतर बघू, म्हणून सांगितलं.

मुलांनी चित्रं काढून आणली. एका चित्रात घसरगुंडी वर्गाच्या खिडकीतून निघून थेट रिक्षात उतरत होती. एकाला पाणीपुरीच्या पाण्याचा नळ हवा होता, दुसऱ्याला हरवलेले खोडरबर जिथे आपोआप येऊन पडतील असा खड्डा. काका एकाही चित्राला हसले नाहीत. नळाच्या चित्रावर त्यांनी बराच विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाण्याचा दाब पुरणार नाही, साहेब." साहेबांनी मान डोलावली. दाबाचा प्रश्न त्यांना पटला.

मग काकांनी मैदानावर फक्कीने खऱ्या मापाचं क्रीडांगण आखलं. इथे झोके, इथे मातीची टेकडी, इथे जुने टायर. मुलांना रेघांच्या आत उभं करून खेळायला लावलं. झोका नसताना मुलं झोका घेत होती, टेकडी नसताना धापा टाकत चढत होती. जिथे एकमेकांवर आदळली तिथली रेघ पुसून काकांनी पुढे सरकवली. गेटवरचा शिपाई मला हळूच विचारून गेला, बेन, हे सगळे बरे आहेत ना?

बोगद्यासाठी सिमेंटचा मोठा पाइप आला. काका म्हणाले, आधी बसून बघू. आता पाइपमध्ये बसायचं काय? पण तत्त्व ते तत्त्व. काका रांगत आत गेले, मधोमध जाऊन बसले आणि त्यांची ती छोटीशी उडी मारली. डोकं वर आपटलं, पोट पुढे अडकलं. आतून आवाज आला, "उंची कमी आहे. लिहून घ्या." वर्गातल्या निम्म्या मुलांनी पाय ओढले, निम्म्यांनी पलीकडून डोकं ढकललं. बाहेर आल्यावर काकांनी पाइपला पास केलं. माझ्या पोटाएवढं पोट तिसरीत कुणाचंच नाही, असं कारण दिलं.

या चित्रांत हेत्वीचं एक चित्र होतं. हेत्वी ही माझ्या वर्गातली दोन वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. तिने मैदानाच्या अगदी कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाखाली एक चौकोन काढला होता आणि खाली गुजरातीत लिहिलं होतं, 'कट्टा'. ते वाचून काका इतके खूश झाले की चित्र घेऊन स्टाफरूममध्ये आले. "बघा मास्तरीणबाई. गुजराती पोर, पण मागतेय काय? कट्टा. माणसाला शेवटी बसायला जागा लागते हे एवढ्याशा पोरीला कळलं." मला जरा नवल वाटलं, पण काकांचा चेहरा बघून मी गप्प बसले.

चित्रातल्या चौकोनाचं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे होतं. काका म्हणाले, लहान आहे, दिशा चुकली असेल. त्यांनी ती दुरुस्त केली. मैदानाकडे तोंड असलेला, दहा-बारा मुलं आरामात बसतील असा लांबलचक कट्टा बांधून घेतला. पाठ टेकायला उतार, पाय टेकायला पायरी. गवंड्याला रोज तीन-चारदा उठवून त्याच जागी स्वतः बसून बघत. आयुष्यभर लोकांनी केलेली आसनं तपासली, हे पहिलं आसन माझं, असं मला म्हणाले.

काम झालं तेव्हा हेत्वीला मानाने पुढे बोलावलं. तिने कट्ट्याला एक प्रदक्षिणा घातली. मग म्हणाली, "काका, आ तो ओटलो छे."

"हो. ओटला म्हणजेच कट्टा," काका म्हणाले.

"पण में तो किट्टा लख्युं हतुं."

मी चित्र मागवलं. हेत्वीने 'कि'ची वेलांटी खाल्ली होती. तिसरीला वेलांट्या मीच शिकवते, तेव्हा मी काही बोलण्याच्या भानगडीत पडले नाही.

आपण कट्टी घेतो तसे गुजराती मुलं किट्टा करतात. करंगळी दाखवली की किट्टा, बोलणं बंद. दोन बोटं दाखवली की बुच्चा, म्हणजे पुन्हा दोस्ती. हेत्वीला रुसून बसायला जागा हवी होती. तिने काकांना समजावून सांगितलं ते असं, की किट्टा झाल्यावर वर्गात बसता येत नाही, कारण सगळे बघतात. संडासात जाऊन बसलं तर बेन ओरडतात. म्हणून कोपऱ्यात जागा हवी, आणि तोंड भिंतीकडे हवं, कारण रुसलेलं माणूस मैदानाकडे तोंड करून बसत नाही. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आली नव्हती. एवढ्या लांब कट्ट्यावर तर सगळेच बसतील, मग किट्टा कसली?

मला वाटलं, काका खट्टू होतील. पण ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि टेप बाहेर काढली. "सांगा साहेब. रुंदी किती?"

साहेबांनी सांगितलं. एकाला बसता येईल आणि बुच्चा करायला आलेल्याला चिकटून बसावं लागेल, एवढी. शिवाय समोरच्या भिंतीला एक भोक, त्यातून वळून न बघता बाकीच्यांचं खेळणं दिसलं पाहिजे. आपल्याशिवाय मजा करतात का ते कळायला नको?

"भिंतीच्या पलीकडे तर रस्ता आहे," काका म्हणाले. हेत्वी विचारात पडली. शेवटी भोकाऐवजी भिंतीवर छोटा आरसा लावायचं ठरलं. गवंड्याने कट्टा अर्ध्यावर तोडला. तोडताना तो जे काही पुटपुटला ते गुजराती होतं की हिंदी हे मी मुलांना कळू दिलं नाही.

नवी जागा तयार झाली तशी काका सवयीप्रमाणे पुढे झाले. "आधी बसून बघू." पण या वेळी साहेबांनी अडवलं. किट्टा असल्याशिवाय तिथे बसता येणार नाही. खोटं खोटं चालणार नाही.

"तमारे कोनी जोडे किट्टा छे?" हेत्वीने विचारलं. तुमची किट्टा कुणाशी?

काका घुटमळले. मी तिथेच उभी होते. मग ते म्हणाले, "मारा दादा जोडे."

आता गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. पिकल्या मिशांच्या माणसाने आजोबांशी किट्टा केलीय हे ऐकून मुलं जवळ सरकली. एकाने विचारलं, ते कुठे असतात?

"उपर रहे छे," काका म्हणाले.

काही मुलांनी आभाळाकडे पाहिलं. एका मुलीने हात जोडले. पाणीपुरीचा नळ मागणारा मुलगा पुढे आला, काकांच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "रडवानुं नहीं, काका."

"अरे, वर म्हणजे पहिल्या मजल्यावर," काका घाईघाईने म्हणाले. "दादा म्हणजे मोटा भाई. धडधाकट आहे."

मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्यांना काकांचा राग आला. भाऊ जिवंत आहे, त्याच घरात आहे, मग अडलंय कुठे? पण किट्टा खरी होती, त्यामुळे बसायची परवानगी मिळाली. काका भिंतीकडे तोंड करून बसले. उडी मारायची विसरले. आरशात मागचं मैदान दिसत होतं, मुलं टेकडीवरून घसरत होती.

"आता पुढे काय?" काकांनी विचारलं.

आता कुणी तरी येऊन शेजारी बसलं की बुच्चा, असं हेत्वीने सांगितलं.

"कुणी यायचं? ज्याची चूक असेल त्यानं ना?"

हेत्वीने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिची बेरीज चुकल्यावर मी तिच्याकडे पाहते ती नजर आठवावी. "भूल-बूल कंई नहीं. जेने रमवुं होय ए आवे."

ज्याला खेळायचंय त्याने यावं. एवढं सांगून ती स्वतः खेळायला निघून गेली. काका बसूनच राहिले. शाळा सुटल्याची घंटा झाली, मुलं रिक्षांकडे पळाली, मैदान रिकामं झालं, तरी ते उठेनात. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "ही जागा पास आहे, मास्तरीणबाई. पण फार वेळ बसायची नाही."

त्या संध्याकाळी मी आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. काका घरातून बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "वर सांगा," आणि थांबले. मी मान वर केली. ते म्हणाले, "नको. राहू द्या."

बाहेरच्या जिन्याने ते वर चढू लागले. या जिन्यावर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मधल्या वळणावर उभे राहिले, मला वाटलं परत फिरतात. मग दार वाजलं.

"दादा," काकांचा आवाज आला, "पत्ते खेळायचे का?"

मग दादा तरातरा गॅलरीत आले. चेहरा लाल, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघून नेहमीच्या जरबेने म्हणाले, "मास्तरीणबाई, खाली सांगा..."

आणि तोंड तसंच उघडं ठेवून उभे राहिले. खाली कुणीच नव्हतं. माझे डोळे भरून आले होते, आणि मेथीने काही कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

दादा वळून दाराकडे गेले. "दोघांत काय खेळणार, कपाळ?" असं त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं.

"भिकार-सावकार."

"पत्ते मी पिसणार."

"का म्हणून? मागच्या वेळी तूच पिसले होतेस," काका म्हणाले, आणि भांडत भांडत दोघे आत गेले.